पालखीत कोणी बसायचं?

काकू, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय ३४. आमचा मर्दानी खेळाचा आखाडा आहे. दर वर्षी आषाढात आम्ही पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जातो आणि निघण्याआधी गडावर शिवा काशिदांचा प्रसंग करतो. बाराबंदी, मुंडासं, हलगी, पालखी, सगळं. नऊ वर्षं शिवा काशिद माझा मित्र व्हायचा. त्याचं खरं नाव आखाड्यात कुणी घेत नसे, सगळ्यांचा तो 'शिवा'च. माघात तो गेला. हार्ट अटॅक, वय ३६. शिरोलीला फौंड्रीत होता. मागं आई, बायको आणि सात वर्षांचा मुलगा.

पालखीचा पुढचा उजवा खांदा माझा. तिरडीलाही तोच लागला. प्रसंगात मारला गेला की पडल्या पडल्या तो एक डोळा किलकिला करून मला म्हणायचा, 'पाठीखाली दगड हाय रं.' स्मशानात त्याला खाली ठेवला तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल. मला हसू आलं. ते त्याच्या मेव्हण्यानं बघितलं.

दहाव्याला पंचगंगेवर कावळा शिवेना. कुणी म्हणालं, पोराला शिकवू. कुणी म्हणालं, आईला सांभाळू. माझ्या ओठावर आलं होतं, 'तुझा दांडपट्टा बंद पडू देत नाही.' पण मी नात्यातला नाही, सुतकातला नाही. त्याच्या घरी आयुष्यात चारदा गेलो असेन. गप्प बसलो. मग कावळा शिवला. कुणाच्या बोलण्यानं ते कळलं नाही.

आता मोहीम तीन आठवड्यांवर आलीय. निम्मे म्हणतात, उंची-अंग सारखं आहे, त्याची बाराबंदी मला बसते, तर पालखीत मीच बसावं. निम्मे म्हणतात, यंदा पालखी रिकामी न्यायची, आत त्याचा फोटो. गडावर फ्लेक्स लावायचा, खिंडीत त्याच्या नावाची पाटी बसवायची, असंही चाललंय. त्याची बायको पट्टा आणि बाराबंदी मला देऊ म्हणते, आई नको म्हणते. मला रात्री दोनला जाग येते. थोडी घ्यायला लागलोय. काय करू?

— एक वाचक, कोल्हापूर

बाळा,

तुला एकेरीच लिहिते. काकू म्हणालास तेव्हाच तो हक्क दिलास.

आधी त्या हसण्याचं. नऊ वर्षं तुझ्या डोळ्यांनी हा माणूस पडताना पाहिला आणि नऊ वेळा उठून, अंगावरचा चिखल झाडून, चहा मागताना पाहिला. तालमींतलं मरण धरलं तर शंभराच्या वर भरेल. डोळ्यांना लागलेली सवय एका सकाळीत कशी मोडेल? त्याच्या मेव्हण्याच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत नाही, पण तू त्याच्याकडे जा आणि दगडाची गोष्ट सांग. माफी मागायला जाऊ नकोस, गोष्ट सांगायला जा. त्याला ती ठाऊक नसणार. बहिणीच्या नवऱ्याचं हे एक वाक्य त्या घरात कुणाकडेच नाही, ते तुझ्याकडे आहे.

आणि इथंच तुझ्या 'मी कोण' या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. चारदा घरी गेलास म्हणतोस. आखाड्याची, भजनाची, नाटकाची मैत्री घराच्या उंबऱ्याशी थांबते, ती तशीच असते. घरच्यांनी त्याला पगाराची चिंता करताना, पोराला शाळेत सोडताना पाहिला. राजांच्या वेशात ताठ बसलेला, हलगी वाजली की चेहराच बदलणारा माणूस त्यांच्या वाट्याला वर्षातून एखादी संध्याकाळ आला असेल. तुझ्या वाट्याला तो आठवड्यातून तीनदा होता.

सुतक रक्ताचं असतं, हे खरं. पण पितृपक्षातल्या महालयाचं तर्पण कधी नीट ऐकलंयस का? आई-वडिलांपासून सुरू झालेली नावं काका, मामा, आत्या, सासरे करत करत गुरू, शिष्य आणि सखा इथपर्यंत येतात. सखा म्हणजे मित्रच. माझे सासरे त्या जागी भटजींना हातानं थांबवायचे आणि गिरणीतल्या एका सोबत्याचं नाव घ्यायचे. जात वेगळी, गाव वेगळं, नातं शून्य. सासूबाई आतून दर वर्षी म्हणायच्या, "ह्यांची नावं काही संपेनात, वडे थंड झाले." तुझे वडील हयात असतील तर तर्पण ते करतील, त्यांना सांगून ठेव. भाद्रपद फार लांब नाही. तिथं मात्र 'शिवा' चालणार नाही, त्याचं खरं नाव लागेल.

आता पालखी. इथं मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तुमच्या दोन्ही निम्म्यांचं मला पटलेलं नाही.

१६६० साल. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. १२ जुलैच्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, भर पावसात राजे पन्हाळ्यावरून उतरले आणि दुसऱ्या पालखीतून नेबापूरचा शिवा काशिद, जातीनं न्हावी, राजांच्या वेशात शत्रूच्या हाती लागायला निघाला. लागायला निघाला, हे बघ. पकडलं जाणं हेच त्याचं काम होतं. छावणीत जितका वेळ त्याला राजा समजले, तितका वेळ मसाई पठारावरून धावणाऱ्यांना मिळाला. ओळख पटली तेव्हा डोकं गेलं. पुढं घोडखिंडीत, म्हणजे तुमच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं उभी राहिली, विशाळगडावरून तोफा झाल्या, हे तुला मी काय सांगायचं, तू ती वाट दर वर्षी तुडवतोस. पण बाजीप्रभूंवर पोवाडे झाले, कविता झाल्या, शाळेत धडे आले. शिवा काशिदाच्या वाट्याला त्याच धड्यात दोन-चार ओळी.

अशा माणसाची पालखी तुम्ही वर्षातून एकदा काढता. तीत आपल्या मित्राचा फोटो ठेवायचा? दुःख खरं आहे, तरीही नको. तुझ्या मित्रानं नऊ वर्षं स्वतःचं नाव बाजूला ठेवून त्या न्हाव्याला जागा करून दिली. इतकी, की त्याचं स्वतःचं नाव आखाडा विसरला. आता त्याच्याच आठवणीसाठी ती जागा त्या न्हाव्याकडून काढून घेतलीत, तर त्यानंच तुम्हाला पट्ट्याच्या पाठीनं हाणलं असतं असा माझा अंदाज आहे. तू त्याला जास्त ओळखतोस, तूच सांग.

रिकामी जागा ठेवण्याचा अनुभव मला आहे. आमच्या भजनी मंडळात माझी एक मैत्रीण खांबाला टेकून बसायची, झांजा तिच्याकडे. ती गेल्यावर खांबाजवळ कुणी बसेना. चटई तिथं तेवढी मोकळी. पहिले दोन महिने ते बरं वाटलं, मग त्या मोकळ्या चटईची भीती वाटायला लागली. बायका तिकडे न बघता गायला लागल्या, दोघी-तिघी यायच्याच बंद झाल्या. वर्षभरानं कुणाची तरी नात आली, तिला काही माहीत नव्हतं, ती जाऊन खांबाला टेकून बसली आणि मोबाईल काढला. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत राहिलो. मग कुणीतरी तिच्या हातात झांजा दिल्या.

तेव्हा पालखीत माणूस हवा. तो तू नकोस. 'बाराबंदी बसते' हे काही कारण झालं का? त्याला जाऊन पाच महिने झालेत. त्याचे कपडे घालून, त्याच्या जागी बसून, भर गर्दीत मारलं जायचं आणि चिखलात डोळे मिटून पडायचं, हे तुझ्या अंगाला नाटक म्हणून कळणार नाही. तुला रात्री दोनला जाग येतेय, तिथंच हे जाऊन बसेल. पुढं कधी वाटलंच तर बघ. यंदा सरळ नाही म्हण, कारण देत बसू नकोस.

आखाड्यातल्या एखाद्या विशीतल्या पोराला बसवा, आणि त्या पोराला नवी बाराबंदी शिवून द्या. जुनी घालू नका. नवा पोरगा कसा बसतो, मान कशी धरतो, हे सगळे टिपून बघणार आणि मनात म्हणणार, 'शिवासारखं नाही.' नसणारच. पहिल्या वर्षी तुझा मित्र तरी कसा होता, ते वस्तादांना विचार. माझी खात्री आहे की वाईट होता.

तू तुझ्या जागेवर राहा, पुढचा उजवा. नवा पोरगा हलका असेल, खांद्याला फरक कळेल. कळू दे. त्या रात्री तुला रडू आलंच तर पाऊस आहे, अंधार आहे आणि डोक्यावर मुंडासं आहे.

पट्ट्याचं आता. बायको देऊ म्हणते, आई नको म्हणते. दोघींचं बरोबर आहे, म्हणून वर्षश्राद्धापर्यंत कुणीच काही हलवू नये. पहिल्या महिन्यांत दिलेल्या वस्तूंची मागाहून किती हळहळ होते, त्याची पत्रं माझ्याकडे ढिगानं येतात. कुणी साडी दिली, कुणी स्कूटर विकली, एकीनं तर नवऱ्याचा चष्मा टाकून दिला आणि आता दुकानात तसली काच शोधत फिरते. पट्टा त्या घरातच राहू दे. पण पावसाळा आहे, चार महिने नुसता पडून राहिला तर पातं गंजून जाईल, हे त्या दोघींना माहीत नसेल. तू महिन्यातून एकदा जा, पातं पुसून तेल लाव, हात झाकणाऱ्या खोबळ्याच्या आतलं अस्तर वाळव, चहा पी, ये. लिंबू कापायचा धारेचा पट्टा असेल तर सात वर्षांच्या पोराच्या हाती लागणार नाही असा कुलपात ठेवून दे. खंडेनवमीला घरच्यांना चालत असेल तर पूजेपुरता आखाड्यात आण आणि पुन्हा पोचता कर. चारदा घरी गेलेला तू, वर्षअखेर तुझ्या खेपा मोजायची गरज उरणार नाही.

घाटावर जे वाक्य गिळलंस, त्यातला पट्टा मात्र ही वस्तू नाही. त्याचा हात. आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. खोबळ्यात मनगट अडकलेलं असतं, पट्टा फिरतो तो कोपर, खांदा आणि पायांवर. कुणाचा पाय कुठं पडतो, वळताना कोण अर्धा श्वास थांबतो, ते कुठल्या पुस्तकात नाही, एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातं. २०२४ साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं, आनंद आहे, पण सरकारी निर्णयानं कुणाचा पवित्रा सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. छत्तिशीत माणूस गेला की त्यानं पंचविशीत कमावलेलं सगळं कुणाला न देताच जातं. तेव्हा सगळ्यांच्या फोनमधले त्याचे व्हिडिओ एका जागी गोळा करा. रीलसाठी कापलेले नकोत, अख्खे हवेत, पाय दिसणारे. गुरुपौर्णिमेला वस्तादांची पूजा करालच. मोहीम आणि पौर्णिमा तुमच्याकडे एकाच सुमाराला येतात. त्या दिवशी वस्तादांना खुर्ची देऊन बसवा आणि ते व्हिडिओ दाखवत विचारा, इथं तो काय करतोय? ते बोलतील ते टिपून ठेवा. चुकाही टिपा. वस्ताद मेलेल्या शिष्याचं नुसतं कौतुक करायला लागले तर त्यांना थांबवा.

फ्लेक्सला माझा साफ विरोध आहे. 'भावपूर्ण श्रद्धांजली', कोपऱ्यात नेत्यांची डोकी, खाली चाळीस शुभेच्छुकांची नावं, आणि मधे ज्याच्यासाठी हे सगळं तो पासपोर्ट फोटोएवढा. गडावरच्या वाऱ्यात ते दोन दिवस टिकणार आणि मग त्याचा चेहरा करवंदीच्या जाळीत अडकून फडफडत राहणार. तुला चालेल ते? पाटीचंही तेच. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या बारा किल्ल्यांत आहे. तिथं परवानगीवाचून खिळा ठोकता येत नाही. खिंडीतही नको. तिथं ज्यांची आठवण आहे ते तिथं पडले होते. तुझा मित्र तिथं घामाघूम होऊन भाकरी-पिठलं खायचा. ती आठवण कमी मोलाची आहे असं मी म्हणत नाही, पण ती दगडात कोरायची नाही.

दगडात कोरायची रीत आपल्याकडे होती, वीरगळाची. तुमच्या वाटेवरच्या गावांत मारुतीच्या देवळाशेजारी एखादा तिरका पडलेला दिसेल, लोक त्यावर बसून तंबाखू मळतात. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताहेत, वर तो शिवपिंडीची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. कोण होता हे आज गावालाही सांगता येत नाही, पण हातात काय होतं आणि कशासाठी मेला, गाईंसाठी की गावासाठी, ते दिसतं. मला ती रीत फ्लेक्सपेक्षा समजूतदार वाटते.

चारचौघांत काहीतरी व्हावं असं आखाड्याला वाटतंय, ते स्वाभाविक आहे. त्यासाठी एक सुचवते. पावनखिंडीनंतर राजांनी जेध्यांकडे असलेलं तलवारीचं पहिलं पान, म्हणजे दरबारातला पहिला मान, बांदलांना दिलं, ही गोष्ट तुला माहीत असेल. बांदलांची माणसं पडली होती, म्हणून दरबारातला क्रम बदलला. कान्होजी जेध्यांच्या घरानं तो मान सोडला, हेही मोठंच. तसा क्रम तुम्हाला बदलता येईल. मोहिमेचा पहिला नारळ आजवर कुणा पाहुण्याच्या हातून फुटत असेल. यंदा तो त्याच्या घरून येऊ दे, पोराच्या हातून. पण आधी घरी विचारा. वर्षाच्या आत असल्या गर्दीत यायला त्यांचं मन धजणार नाही, तर नारळ तेवढा आणा आणि त्याच्या नावाचा कुठलाही पुकारा न करता फोडा. पाहुणा रागावला तर रागावू दे.

पैशाचं कुणी पाहिलंय का? फौंड्रीत त्याचा पीएफ कापला जात असेल तर त्याच्याबरोबर कर्मचारी ठेव संलग्न विमाही असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसांना त्याची रक्कम मिळते, कमाल सात लाखांपर्यंत, आणि बायकोला व मुलाला पेन्शन लागू होतं. अर्ज करावा लागतो, कारखान्याच्या सह्या लागतात, आणि घरातल्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. फ्लेक्सचे पैसे गोळा करणाऱ्या उत्साही मंडळींपैकी दोघांना या कामाला लाव.

आणि ते 'थोडी घ्यायला लागलोय'. तू ते शेवटून दुसऱ्या वाक्यात, घाईनं लिहिलंयस, म्हणून मी तिथं थांबले. दोनला जाग येते म्हणून घेतोस, आणि घेतल्यामुळे दोनला जाग येते, हे चक्र तुझ्या लक्षात आलं असेल किंवा येईल. मोहिमेआधी बंद कर. जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा मानसिक मदतीचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, फोन कर. पन्नासेक किलोमीटरची वाट, निसरडी, रात्रीची. अंगात दारू असलेला भोई कुणाच्याच कामाचा नाही.

एक राहिलं. नव्या पोराला तुम्ही संवाद शिकवाल, मान ताठ कशी ठेवायची ते शिकवाल. कुठं पडायचं ते तू शिकव. दिवसाउजेडी त्याला त्या जागेवर घेऊन जा आणि दाखव, इथं गवताखाली दगड आहे. काढू नका तो. चार बोटं डावीकडे पड म्हणावं.

— तुझी काकू